माणसं कुणाचं ऐकतात? झेनोफनचं आयुष्य आणि लेखन

प्राचीन ग्रीक इतिहासकार म्हटलं की हेरोडोटस आणि थुसिडिडीज ही दोन नावं आधी येतात. तिसरं नाव झेनोफनचं, पण ते बहुतेक वेळा जाता जाता घेतलं जातं. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो. राजकारणाची खोल चिकित्सा करण्यात तो थुसिडिडीजच्या जवळपासही पोचत नाही, हे खरं. पण उपाशी, दमलेली, धास्तावलेली माणसं एकमेकांशी कशी वागतात आणि अशा माणसांना पुढे चालवायचं कसं, हे इतक्या जवळून पाहून लिहिणारा त्या काळात दुसरा कुणी दिसत नाही. त्याची १४ पुस्तकं आज उपलब्ध आहेत. युद्ध, घोडे, शिकार, घरसंसार, राजेशाही, तत्त्वज्ञान, सरकारी तिजोरी असे त्यांचे विषय दहा दिशांना पांगलेले आहेत. तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: माणसं कुणाचं ऐकतात, आणि का ऐकतात?

हा प्रश्न त्याला पुस्तकात सापडला नाही. तो त्याच्या अंगावर येऊन आदळला.

झेनोफनचा जन्म इ.स.पू. ४३० च्या सुमाराचा, अथेन्सच्या हद्दीतल्या एर्खियाचा. वडिलांचं नाव ग्रिलस, आणि घर खातंपितं. तेव्हा घोडा पदरी बाळगून घोडदळात जाणं श्रीमंतांनाच परवडायचं, आणि हे घर त्यातलं होतं. त्याचं बालपण आणि तारुण्य अथेन्स-स्पार्टा युद्धात गेलं. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स हरलं, स्पार्टाच्या जोरावर ३० जणांची जुलमी राजवट आली, आणि वर्षभरातच ती कोसळून लोकशाही परतली. घोडदळातल्या बऱ्याच जणांनी त्या तीस जणांची साथ केली होती, त्यामुळे नव्या अथेन्समध्ये अशा घरच्या तरुणांकडे संशयानंच पाहिलं जात असणार.

तो सॉक्रेटिसच्या शिष्यांपैकी होता. दोघांच्या पहिल्या भेटीची एक आख्यायिका आहे. अरुंद बोळात सॉक्रेटिसनं काठी आडवी धरून त्याला अडवलं आणि अमुक जिन्नस कुठे मिळतो, तमुक कुठे मिळतो, असं विचारत सुटला. झेनोफननं सगळी उत्तरं दिली. मग विचारलं, ‘आणि माणसं चांगली कुठे होतात?’ तो गप्प झाला. सॉक्रेटिस म्हणाला, ‘मग चल माझ्यामागे, आणि शीक.’

इ.स.पू. ४०१ मध्ये प्रॉक्सेनस नावाच्या मित्राचं पत्र आलं: ‘इकडे ये, तुझी इराणच्या राजपुत्राशी, सायरसशी ओळख करून देतो.’ झेनोफननं सॉक्रेटिसचा सल्ला घेतला. हा सायरस स्पार्टाचा मित्र, त्याच्याकडे गेलास तर अथेन्सला रुचणार नाही, हे गुरूनं ओळखलं आणि त्याला डेल्फीच्या देवाला कौल लावायला सांगितलं. पठ्ठ्यानं देवाला विचारलं काय, तर ‘कोणत्या देवांना नैवेद्य दाखवून निघालो की प्रवास सुखाचा होईल?’ जावं की जाऊ नये, हे विचारलंच नाही, कारण जायचं त्यानं आधीच ठरवलं होतं. सॉक्रेटिस त्याला यावरून बोलला. ही हकिकत झेनोफननं स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे म्हातारपणी त्यानं अथेन्सचा महसूल वाढवण्यावर ‘पोरोई’ नावाची पुस्तिका लिहिली. तिच्या शेवटी तो सांगतो की आधी डोडोना आणि डेल्फीला माणसं पाठवून विचारा, ही योजना हाती घ्यावी का. होकार आला तर मग विचारा, कोणत्या देवांची आराधना करावी. तरुणपणीचा उलटा क्रम इथे सुलटा झाला आहे.

आता त्या मोहिमेकडे वळू. इराणचा सम्राट दुसरा डरायस इ.स.पू. ४०४ मध्ये वारला आणि थोरला मुलगा आर्टाझर्क्सिस गादीवर बसला. धाकटा सायरस आशिया मायनरचा सुभेदार होता. टिसाफर्निस नावाच्या दुसऱ्या सुभेदारानं त्याच्यावर कटाचा आळ घातला. आईनं रदबदली केली म्हणून सायरस वाचला, आणि परत येऊन त्यानं भावाविरुद्ध गुपचूप फौज जमवायला घेतली. इकडे ग्रीसमधलं मोठं युद्ध संपलेलं, हजारो कसलेले शिपाई रिकामे. सायरसनं त्यांतले १२-१३ हजार भाड्यानं घेतले. पगार महिन्याला एक दारिक, म्हणजे सोन्याचं एक नाणं. त्यांना सांगितलं की पिसिडियातल्या पुंड टोळ्यांचा बंदोबस्त करायचा आहे. झेनोफनच्या म्हणण्यानुसार ग्रीकांपैकी खरा बेत फक्त स्पार्टन सरदार क्लिआर्कसला ठाऊक होता.

टार्ससला पोचेपर्यंत शिपायांना वास लागला आणि ते अडून बसले. क्लिआर्कसनं आधी जबरदस्ती करून पाहिली, तेव्हा त्याच्यावर दगड आले. मग या करड्या माणसानं सैनिकांची सभा बोलावली आणि त्यांच्यासमोर उभा राहून बराच वेळ नुसता रडला. शेवटी पगार दीड दारिक झाला आणि फौज पुढे निघाली. दगडांनी जे झालं नाही ते रडण्यानं आणि पैशानं कसं झालं, याची नोंद झेनोफन शांतपणे करतो. त्याची नजर इथेच घडत होती, असं मला वाटतं.

बॅबिलॉनजवळ कुनाक्सा इथे दोघे भाऊ समोरासमोर आले. ग्रीकांनी त्यांच्या समोरच्या फळीची दाणादाण उडवली. पण सायरसला थोरला भाऊ दिसला आणि तो थेट त्याच्यावर धावून गेला. त्यानं भावाला जखमी केलं, आणि तेवढ्यात डोळ्याखाली भाला लागून सायरस पडला. लढाई ग्रीकांनी जिंकली होती, पण ज्याच्यासाठी लढायचं तोच उरला नाही. ते शत्रूच्या मुलखात, घरापासून दोन हजार किलोमीटरहून दूर, पगाराविना आणि वाटाड्याविना उभे होते.

टिसाफर्निसनं तह केला, ‘तुम्हाला सुखरूप पोचवतो’ म्हणाला. झाब नदीपाशी त्यानं ग्रीक सरदारांना तंबूत बोलावलं. पाच सेनापती आणि २० नायक गेले. नायकांना तिथेच कापून काढलं, आणि सेनापतींना पकडून नंतर त्यांची मुंडकी उडवली. त्यांत क्लिआर्कस होता आणि झेनोफनला बोलावून घेणारा प्रॉक्सेनसही.

त्या रात्रीचं वर्णन वाचावं तर मूळ पुस्तकातच, या मोहिमेवरच्या ‘अनाबासिस’च्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला. थोड्यांनी चुली पेटवल्या, थोड्यांनीच घास खाल्ला. पुष्कळ जण आपल्या जागेवर न जाता जिथे होते तिथेच आडवे झाले, आणि आईवडील, बायकोमुलं आता पुन्हा दिसायची नाहीत या दुःखात कुणाचा डोळा लागला नाही. आणि मग लेखक लिहितो: सैन्यात झेनोफन नावाचा एक अथेन्सचा माणूस होता, तो सेनापती नव्हता, नायक नव्हता, शिपाईही नव्हता. सगळं पुस्तक त्यानं स्वतःबद्दल असं परक्यासारखं लिहिलं आहे. दुसऱ्या पुस्तकात तर या मोहिमेची हकिकत सिराक्यूजच्या थेमिस्टोजेनिसनं लिहिली आहे, असंच तो सांगतो. स्वतःची बाजू दुसऱ्याच्या तोंडून आलेली बरी, असा हिशेब त्यामागे असावा.

त्याला जरा डुलकी लागली आणि स्वप्न पडलं: वडिलांच्या घरावर वीज पडली आणि सगळं घर उजळून निघालं. जागा होऊन तो स्वतःला विचारू लागला, ‘मी पडून का राहिलोय? उजाडलं की शत्रू येईल. कुठल्या गावचा सेनापती येऊन हे करील म्हणून वाट बघतोय? माझं वय होण्याची वाट बघतोय का?’ तो उठला, प्रॉक्सेनसच्या नायकांना त्यानं गोळा केलं, आणि उजाडायच्या आत नवे सेनापती निवडले गेले. त्यांत तोही होता. स्पार्टाचा खिरिसोफस आघाडीला, झेनोफन पिछाडीला. गाड्या आणि तंबू जाळून टाकले, सभा घेऊन हात वर करून निर्णय झाले, आणि ही मत देणारी फौज उत्तरेकडे चालू लागली.

पिछाडी सांभाळणाऱ्याचं काम काय असतं, ते एका प्रसंगात दिसतं. वाटेवरची एक टेकडी शत्रूच्या आधी गाठायची होती. झेनोफन घोड्यावरून शिपायांना हाका देत होता: ‘गड्यांनो, ही शर्यत ग्रीससाठी आहे, बायकापोरांसाठी आहे!’ सोटेरिडास नावाचा शिपाई म्हणाला, ‘तुमचं आमचं सारखं नाही, झेनोफन. तुम्ही घोड्यावर, आणि मी ही ढाल वाहून वाहून मेलोय.’ झेनोफननं खाली उडी मारली, त्याला रांगेबाहेर ढकललं, त्याची ढाल हिसकावून घेतली आणि चालू लागला. अंगात घोडदळाचं जड चिलखत होतं, त्यामुळे जीव मेटाकुटीला आला. तरी पुढच्यांना ‘चला’ आणि मागच्यांना ‘या, या’ म्हणत होता. शेवटी बाकीच्या शिपायांनीच सोटेरिडासला बडवून, शिव्या घालून ढाल परत घ्यायला लावली. मग झेनोफन घोड्यावर बसला आणि चढ घोड्याला झेपेना तेव्हा पुन्हा पायी धावला. टेकडी त्यांनी आधी गाठली. सोटेरिडासचं म्हणणं चूक होतं असं झेनोफन कुठेही म्हणत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग कार्डूखी लोकांचे डोंगर, तिथे सात दिवसांची अखंड झुंज, आणि त्यापुढे आर्मेनियातला बर्फ. इथे तो वैद्यासारखा बारकाईनं लिहितो. डोळ्यांसमोर काही काळं धरून चाललं की बर्फाची तिरीप कमी लागते. पाय हलते ठेवावेत, रात्री पायताण काढून झोपावं. जे तसेच झोपले त्यांच्या चामड्याच्या वाद्या मांसात रुतल्या, कारण जुन्या वहाणा फाटल्यावर त्यांनी नुकत्याच सोललेल्या बैलाच्या कातड्याच्या वहाणा केल्या होत्या. एका ठिकाणी वाफाळत्या झऱ्यामुळे बर्फ वितळून जमीन काळी दिसत होती. काही जण तिथेच बसले आणि उठेनात. झेनोफननं विनवलं, शत्रू मागे आहे म्हणून घाबरवलं, शेवटी चिडला. ते म्हणाले, ‘मारून टाका, पण आता पाऊल उचलत नाही.’

याच मुलखात कुणी एक खेचरवाला आजारी सैनिकाला वाहून नेत होता. झेनोफनला तो खड्डा खणताना दिसला. आजारी माणसाचा पाय हलला. ‘अरे, जिवंत आहे हा!’ त्यावर खेचरवाला म्हणाला, ‘असू दे जिवंत, मी काही वाहणार नाही.’ झेनोफननं त्याला मारलं. पुढे समुद्रकाठी पोचल्यावर सैन्याच्या सभेत झेनोफनवर मारहाणीचा आरोप झाला, तेव्हा हा खेचरवालाच पुढे आला. हकिकत ऐकून शिपाई ओरडले, ‘मार कमीच पडला!’ संकटात हात उगारलेल्या सेनापतीला नंतर त्याच शिपायांसमोर उभं राहून जाब द्यावा लागतो, ही त्या फौजेची रीत होती.

समुद्र दिसला तो क्षण या पुस्तकातला सगळ्यांत प्रसिद्ध. थेखेस डोंगरावर आघाडीचे लोक पोचले आणि आरडाओरडा सुरू झाला. पुढून हल्ला झाला असं समजून झेनोफन घोडेस्वार घेऊन धावला. जवळ गेल्यावर शब्द ऐकू आले, ‘थालाट्टा! थालाट्टा!’ म्हणजे ‘समुद्र! समुद्र!’ शिपाई, नायक, सेनापती एकमेकांच्या गळ्यात पडून रडले आणि कुणी न सांगता त्यांनी दगडांचा मोठा ढीग रचला. वाटाड्याला घोडा, चांदीचा वाडगा, इराणी पोशाख आणि दहा दारिक दिले.

खाली कोल्खिस भागात त्यांनी पोळ्यांतला मध खाल्ला आणि शेकडो माणसं कोसळली. उलट्या, जुलाब, काहींना वेड लागल्यासारखं. मेलं मात्र कुणी नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे उठले. काळ्या समुद्राच्या काठी ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांवरून मधमाश्या हा विषारी मध गोळा करतात, आणि झेनोफननं लिहिलेली लक्षणं आजच्या वैद्यकाशी जुळतात. ट्रापेझस, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं ट्रॅबझॉन, इथे ते ग्रीक वस्तीत पोचले. थोडं पुढे केरासुसला मोजणी झाली तेव्हा ८,६०० माणसं उरली होती.

इतकं वाचून त्याला साधुपुरुष समजू नये. पुस्तक संपतं ते एका दरोड्यानं. आसिडाटिस नावाच्या श्रीमंत इराण्याच्या वाड्यावर त्यानं छापा घातला, आणि तो माणूस, त्याची बायको, मुलं, घोडे, मालमत्ता असं सगळं हाती लागलं. आता मी दुसऱ्यालाही मदत करू शकतो, असं तो समाधानानं सांगतो. वाटेवरची गावं लुटणं, माणसं गुलाम म्हणून विकणं, याचं त्याला कधी वाईट वाटलेलं दिसत नाही. ‘पोरोई’मध्येही लॉरियमच्या चांदीच्या खाणींसाठी सरकारनं गुलाम विकत घेऊन भाड्यानं द्यावेत, असा त्याचा सल्ला आहे. माणसं स्वखुशीनं कशी मागे येतील याचा आयुष्यभर विचार करणाऱ्याला ही माणसं त्या हिशेबात धरावीशी वाटली नाहीत.

तो परदेशी असतानाच, इ.स.पू. ३९९ मध्ये, अथेन्सनं सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला. पुढे झेनोफन स्पार्टाच्या चाकरीत गेला, राजा अगेसिलाउसचा स्नेही झाला आणि इ.स.पू. ३९४ मध्ये कोरोनियाच्या रणांगणावर अथेन्सच्या विरुद्ध बाजूला होता. अथेन्सनं त्याला हद्दपार केलं. स्पार्टानं ऑलिम्पियाजवळ स्किलुस इथे जमीन दिली. तिथे त्यानं एफेससच्या प्रसिद्ध मंदिराची छोटी प्रतिकृती म्हणून आर्टेमिसचं देऊळ बांधलं. ग्रिलस आणि डायोडोरस ही मुलं वाढवत, शिकार करत, दरवर्षी गावजेवणाची जत्रा भरवत तो वीसेक वर्षं राहिला. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राला थीब्ज या दुसऱ्या ग्रीक शहरानं स्पार्टाचा पाडाव केल्यावर ही जमीनही गेली.

आता त्याच्या लेखनात तो मूळ प्रश्न कसा फिरतो ते पाहा. घोड्यांवरच्या पुस्तकात तो सांगतो की रागात असताना घोड्याजवळ जाऊच नये. बळजबरीनं करवून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसतं, नर्तकाला चाबकानं मारून नाचवल्यासारखं ते होतं. ‘इकॉनॉमिकस’मध्ये इस्कोमाखस नावाचा गृहस्थ तरुण बायकोला घर चालवायला शिकवतो. पुरुषी थाट आहेच, पण तू माझ्यापेक्षा सरस ठरलीस तर मीच तुझा सेवक होईन, असंही तो तिला म्हणतो. त्याचा सॉक्रेटिस प्लेटोच्या सॉक्रेटिससारखा आकाशाला हात लावत नाही. तो भावाशी भांडलेल्याला समजावतो, पाहुण्या बायकांनी भरलेलं घर कसं पोसू म्हणून हवालदिल झालेल्याला, त्यांना लोकर विणायला लाव, असं सुचवतो. अभ्यासकांना हा सॉक्रेटिस उथळ वाटतो. मला तो शेजारी असावासा वाटतो.

‘सायरोपीडिया’ हे या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर. हा सायरस मोहिमेतला नव्हे, तर त्याच्या आधी दीडशे वर्षं होऊन गेलेला साम्राज्याचा संस्थापक. सुरुवातीलाच झेनोफन म्हणतो की गुरं गुराख्याचं ऐकतात, पण माणसं मात्र राज्यकर्त्यावर उलटतात. मग या एका माणसाचं इतके देश कसं ऐकत होते? पुढचे आठ भाग इतिहास म्हणून वाचू नयेत. ती राजा कसा असावा हे सांगणारी कादंबरीच आहे, त्यात भारतीय राजाचे वकीलही येतात. रोमचा सेनानी स्किपिओ आणि पुढे मॅकियाव्हेली यांनी ती आवडीनं वाचली. शेवटच्या प्रकरणात मात्र सायरस मरतो, त्याची मुलं भांडतात आणि सगळी घडी विस्कटते. उत्तर त्या माणसाबरोबरच गेलं, हे लेखकानं लपवलेलं नाही.

त्यानं लपवलं ते ‘हेलेनिका’त. थुसिडिडीजचा इतिहास जिथे अर्धवट तुटतो तिथून, इ.स.पू. ४११ पासून, हा ग्रंथ सुरू होतो आणि ३६२ पर्यंत येतो. त्यात अप्रतिम जागा आहेत. अथेन्सचं आरमार शत्रूच्या हाती गेल्याची बातमी पिरेउस बंदरात पोचली आणि आक्रोश एकाकडून दुसऱ्याकडे जात तटबंदीच्या कडेनं शहरात शिरला, त्या रात्री कुणी झोपलं नाही, हे वाक्य एकदा वाचलं की विसरत नाही. पण ल्यूक्ट्राचं वर्णन करताना ती लढाई जिंकणाऱ्या एपामिनोंडासचं नावही तो घेत नाही. त्याच एपामिनोंडासनं मेसेनियाच्या दास्यातल्या लोकांना मुक्त करून मेसेनी शहर वसवलं, तेही गाळलं आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंखस इथे १९०६ मध्ये एका अनामिक इतिहासाचे पपायरसचे तुकडे मिळाले. त्यांत सार्डिसजवळच्या लढाईची हकिकत झेनोफनपेक्षा अगदी वेगळी आहे. म्हणून त्याला वाचताना डोळे उघडे ठेवावेत: पाहिलेलं तो चोख सांगतो, न आवडलेलं वगळतो. तरीही थीब्जचा बालेकिल्ला दगाबाजीनं बळकावल्याबद्दल देवांनी स्पार्टाला शिक्षा केली, हे त्यानं स्पष्ट लिहिलं आहे. मैत्री होती, पण आंधळी नव्हती.

‘हेलेनिका’ मँटिनियाच्या लढाईपाशी थांबतो. त्या लढाईत त्याचा मुलगा ग्रिलस अथेन्सच्या घोडदळातून लढताना मारला गेला. इ.स.पू. ३५४ च्या सुमारास झेनोफन वारला.

पाचशे वर्षांनी एरियन नावाचा ग्रीक झेनोफनला गुरुस्थानी मानत मोठा झाला. तोही सैनिक, आणि सम्राट हेड्रियनचा कॅपॅडोशियातला सुभेदार. ट्रापेझसला गेल्यावर त्यानं सम्राटाला मुद्दाम कळवलं की झेनोफननं जिथून समुद्र पाहिला तिथूनच मीही पाहिला. अलेक्झांडरच्या मोहिमेवरच्या ग्रंथाला त्यानं ‘अनाबासिस’ हेच नाव दिलं आणि त्याला जोडून भारतावर ‘इंडिका’ लिहिली. मौर्यांच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याचा मूळ ग्रंथ हरवला आहे. पाटलिपुत्राच्या तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते, ही त्याची नोंद आपल्याला झेनोफनच्या या चाहत्याच्या पानांतून मिळते.